गाईचं दूध सोसत नाही, सोयाचा डबा आणू का?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत सोयाचीच चर्चा आहे. कुणाला डॉक्टरांनी सांगितला, कुणाला फार्मसीवाल्याने, कुणाला विहीणबाईंनी. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून आज एकाच विषयाचा निकाल लावते. एक आधीच सांगते, मी कुठल्याही डब्याचं नाव छापणार नाही. बाळाच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि डॉक्टरने सदरातून नाव सुचवणं म्हणजे फुकटची जाहिरातच. नावासाठी पुन्हा पत्र पाठवू नये.

प्रश्न : डॉक्टरबाई, माझा मुलगा साडेचार महिन्यांचा आहे. मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. बाळंतपणाआधीच दोन महिने रजेवर जावं लागलं, त्यामुळे बाळ चार महिन्यांचं झाल्यावर लगेच कामावर रुजू झाले. सकाळ-संध्याकाळ आणि रात्री अंगावर पितो, दिवसा सासूबाईंनी डब्यातलं दूध सुरू केलं. पहिल्याच वेळी पंधरा-वीस मिनिटांत तोंडाभोवती लाल झालं, मग पोटावर, पाठीवर गांधी उठल्या आणि भडाभडा ओकला. दोन दिवसांनी पुन्हा दिलं तर पुन्हा तेच. जवळच्या डॉक्टरांनी गाईच्या दुधाची अॅलर्जी म्हणून सोया द्यायला सांगितलं. डबा आणून ठेवलाय, अजून फोडलेला नाही. सासूबाई म्हणतात, बकरीचं दूध द्या. शेजारीण म्हणते, ए-टू दूध आणा. यांनी मोबाइलवर वाचलं की सोयाने मुलग्याच्या पुरुषत्वावर परिणाम होतो. काय करू? — एक आई, डिचोली

उत्तर : डबा फोडला नाहीत हे उत्तम. फेकूही नका, तारीख बघून कपाटात ठेवा. दीड महिन्याने त्याचा उपयोग होऊ शकतो.

तुमचं पत्र वाचून निदानाबद्दल मला फारशी शंका उरली नाही. पंधरा-वीस मिनिटांत गांधी आणि उलटी, तेही दोन्ही वेळा, ही दुधातल्या प्रथिनांची खरी अॅलर्जी आहे. शरीर त्या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून बसतं आणि दूध पोटात गेलं की काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, उसळतं. म्हणून तिसऱ्यांदा 'जरा चमचाभर देऊन बघूया' हा प्रयोग घरात करायचा नाही. पहिल्या दोनदा गांधींवर भागलं म्हणून तिसऱ्यांदाही तेवढ्यावरच भागेल असा नियम नाही. चुकून पोटात गेलंच आणि बाळाचा श्वास घरघरला, आवाज बसला, जीभ-ओठ सुजले, किंवा ते एकदम पांढरंफटक आणि मलूल पडलं, तर १०८ ला फोन. फॅमिली डॉक्टर दवाखान्यात आहेत का, हे विचारण्यात वेळ घालवू नका. अशा वेळी लागतं ते अॅड्रिनलिनचं इंजेक्शन, अॅलर्जीचं गोड औषध नव्हे.

आता सासूबाईंची बकरी. त्यांच्या आईच्या काळात बकरीचं दूध देत असत, हे खरं आहे. पण गाईच्या आणि बकरीच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात की गाईचं न सोसणाऱ्या बहुतेक सगळ्या बाळांना, दहांतल्या नवांहून अधिकांना, बकरीचंही सोसत नाही. म्हशीचीही तीच कथा. ए-टू दुधात केसीन या प्रथिनाचा एक प्रकार वेगळा असतो एवढंच. बाकी सगळी प्रथिनं तिथे हजर असतात आणि अॅलर्जीला तेवढी पुरतात. देशी गाय, गीर गाय, गोठ्यासमोर काढलेलं धारोष्ण दूध, यातलं काहीही या बाळाला चालणार नाही. 'लॅक्टोज-फ्री' लिहिलेला डबाही नाही, कारण त्यातून साखर काढलेली असते, प्रथिनं नाहीत.

उरला सोया. सोया हे कालपरवाचं फॅड नव्हे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन रूराह या बालरोगतज्ज्ञाने १९०९ मध्येच बाळांच्या आहारात सोयाबीन वापरण्यावर लिहिलं होतं. सुरुवातीचे डबे सोयाच्या पिठाचे असत. त्याने बाळांना जुलाब व्हायचे, आणि पुढे काहींना गलगंड झाल्याचंही दिसलं, तेव्हा त्यात आयोडीन घालायला लागले. आजच्या डब्यात सोयाबीनमधून वेगळं काढलेलं शुद्ध प्रथिन असतं. त्यात जी पोषकद्रव्यं कमी पडतात ती, मेथिओनिन, कार्निटीन, टॉरिन, वरून घालतात. सोयातलं फायटेट नावाचं द्रव्य लोह आणि जस्त धरून ठेवतं, म्हणून तेही जास्त घातलेलं असतं. पूर्ण दिवस भरून जन्मलेली बाळं यावर नीट वाढतात. वजनात, उंचीत मागे पडत नाहीत. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला मात्र देऊ नये, त्याची हाडं कमकुवत राहतात.

मग साडेचार महिन्यांच्या तुमच्या बाळाला मी तो लगेच का सुचवत नाही? कारण दुधाची अशी तडकाफडकी अॅलर्जी असलेल्या शंभर बाळांतल्या दहा ते चौदांना सोयाचीही अॅलर्जी निघते. हा आकडा अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २००८ मध्ये दिला, आणि याच कारणाने त्यांनी पहिली पसंती सोयाला दिली नाही. युरोपातल्या बालपोटविकार तज्ज्ञांनी २००६ मध्ये आणखी स्पष्ट सांगितलं की सहा महिन्यांच्या आत अॅलर्जीसाठी सोया नको. उरलेल्या शहाऐंशी-नव्वदांचं काय, असं तुम्ही विचाराल. त्यांना चालतो, आणि म्हणूनच मी डबा फेकू नका म्हटलं.

पहिली पसंती असते ती पूर्ण हायड्रोलाइझ्ड दुधाच्या पावडरीला. हेही गाईच्याच दुधापासून करतात, पण त्यातली प्रथिनं एन्झाइमने इतकी बारीक तोडलेली असतात की शरीराला त्यांची ओळख पटत नाही. अॅलर्जी असलेल्या नव्वद टक्के बाळांना तरी चालली पाहिजे, ही अशा पावडरीची कसोटी. डब्यावरचे शब्द नीट वाचा. 'पार्शली हायड्रोलाइझ्ड' किंवा नुसतं 'एचए' लिहिलेला डबा अर्धवट तोडलेल्या प्रथिनांचा असतो. फार्मसीत तो चटकन पुढे केला जातो आणि तुमच्या बाळाला तो चालणार नाही. हायड्रोलाइझ्डनेही त्रास झाला, किंवा अॅलर्जी फारच उग्र असली, तर अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनांच्या सुट्या घटकांचा, डबा असतो. तो बहुतेकांना लागत नाही.

आता दोन अडचणी प्रामाणिकपणे सांगते. पहिली किंमत. हा डबा सोयाच्या दुपटीहून महाग, काही वेळा त्याहूनही वर, आणि अमिनो आम्लांचा तर विचारूच नका. माझ्या फोंड्याच्या दवाखान्यात किंमत ऐकून बाप उठून बाहेर जाऊन उभे राहिलेले मी पाहिलेत. दुसरी अडचण चवीची. कडवट लागतो आणि वास मी तरी सहन करू शकत नाही. पण लहान बाळाला त्याचं काही वाटत नाही, ते मुकाट पितं. सहा महिने उलटले की नाक मुरडायला लागतं. तेव्हा द्यायचा तर आत्ताच सुरुवात करणं सोपं जाईल.

म्हणजे करायचं काय? तुमचं बाळ दिवसातून तीनच वेळा वरचं दूध पीत असेल, तर आधी तिथेच हात घालूया. ते तुमच्या अंगावर पितं, तुम्ही चहा-दही घेता, तरी चार महिने त्याला काही झालेलं नाही. याचा अर्थ तुमचं दूध त्याला पूर्ण सोसतं आणि तुम्हाला स्वतःला काही वर्ज्य करायची गरज नाही. कामावर दूध काढून ठेवता येईल का ते बघा. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन जादा सुट्ट्या मिळणं हा कायद्याने तुमचा हक्क आहे. वेर्ण्याहून डिचोलीला पाजायला येणं शक्य नाही हे मला कळतं, पण त्या वेळात पंपाने दूध काढता येतं. कंपनीच्या फ्रीजमध्ये ठेवा, येताना बर्फाच्या पिशवीतून आणा. घरच्या फ्रीजमध्ये चोवीस तास निर्धास्त राहतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात मात्र बाहेर ठेवून त्याच्यावर भरवसा टाकू नका. दिवसाच्या तीन वेळांपैकी दोन जरी अशा भागल्या, तरी महागडा डबा तिप्पट दिवस पुरेल.

उरलेल्या वेळेला हायड्रोलाइझ्ड. तो अजिबातच परवडत नसेल तर मला सोया चालेल, पण अंदाधुंद नव्हे. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून सोयासाठी आयजीईची रक्ततपासणी किंवा त्वचेवरची टोचणी चाचणी करून घ्या आणि पहिला घोट त्यांच्या देखरेखीखाली द्या. बांबोळीच्या गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) बालरोग विभागात दाखवा किंवा म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात विचारा. आयजीजी या दुसऱ्याच प्रतिपिंडाचं लांबलचक पॅनल करून चाळीस पदार्थांची यादी हातात देणाऱ्या लॅबच्या जाहिराती येतात, त्यात पैसे घालू नका. त्या चाचणीने अन्नाची अॅलर्जी कळत नाही.

डबा कुठलाही असो, सासूबाईंना एवढं सांगा. पाणी उकळून, जरा निवल्यावर पण चांगलं गरम असताना, म्हणजे सत्तर अंशांच्या खाली जाऊ न देता, पावडर घालायची आणि मग पाजण्याइतकं थंड करायचं. पावडर निर्जंतुक नसते, गरम पाणी त्यासाठी. चमचा डब्यातलाच, सपाट, आणि पाण्याचं माप डब्यावर लिहिलेलं. महाग आहे म्हणून पातळ केलं की बाळ उपाशी राहतं, आणि 'पचायला हलकं' म्हणून पातळ केलं तरी उपाशीच राहतं. तयार केलेलं दोन तासांत संपवायचं, बाटलीत उष्टं उरलेलं टाकून द्यायचं.

तुमच्या यजमानांची भीती. सोयात आयसोफ्लॅव्होन नावाची द्रव्यं असतात, ती इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकासारखी थोडीफार वागतात आणि सोया पिणाऱ्या बाळाच्या रक्तात ती बरीच सापडतात, इथपर्यंत मोबाइलने खरं सांगितलं. पुढचं काम मोबाइलने केलं नाही. अमेरिकेत लहानपणी सोयाच्या डब्यावर वाढलेल्या आणि गाईच्या दुधाच्या डब्यावर वाढलेल्या ८११ जणांना वीस ते चौतीस वर्षांच्या वयात गाठून विचारपूस केली, ते निष्कर्ष २००१ मध्ये छापून आले. वयात येणं, उंची, मूल होणं, कशातही पुरुषांमध्ये फरक नव्हता. बायकांमध्ये मासिक पाळीचे दिवस किंचित लांबलेले आढळले, एका दिवसाहूनही कमी. २०१० मध्ये तिथल्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने सगळा पुरावा तपासून चिंतेच्या पाच पायऱ्यांतली खालून दुसरी पायरी दिली. मी सोया मागे ठेवते ते या कारणाने नाही. बाळाला जन्मजात थायरॉइडचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना सोयाचं आवर्जून सांगा, कारण त्याने थायरॉइडच्या गोळीचं शोषण कमी होतं आणि मात्रा बदलावी लागते.

हे किती दिवस? बहुतेक मुलं यातून बाहेर पडतात, बरीचशी तीन वर्षांपर्यंत, काही शाळेत गेल्यावर. वर्षभराचा झाला की पुन्हा तपासायचं, आणि तडकाफडकी अॅलर्जी असल्याने ती परीक्षा इस्पितळातच, समोर इंजेक्शन तयार ठेवून. दरम्यान सहा महिने पूर्ण झाले की पेज, नाचणीचं तिजण, मऊ भात, डाळ, मासा, अंडं सगळं सुरू करा. दूध बंद आहे म्हणून मासाही उशिरा, असं करू नका.

प्रश्न : माझी मुलगी सात आठवड्यांची आहे, फक्त अंगावर पिते. दहा दिवसांपासून शीमध्ये रक्ताचे तंतू आणि शेंबडासारखं काहीतरी दिसतं. बाळ खेळतं, हसतं, वजनही वाढलंय. एका डॉक्टरांनी आईच्या दुधातून गाईचं दूध जातंय म्हणून अंगावर पाजणं थांबवून सोया सुरू करायला सांगितलं. आई म्हणते, मी माशाचं तिखट हुमण खाल्लं म्हणून झालं. दूध तोडायला माझा जीव होत नाही. — काणकोणहून

उत्तर : तोडू नका. या एका वाक्यासाठी तुमचं पत्र मी वर घेतलं.

निदान बहुधा बरोबर आहे, उपाय पटला नाही. ही वरच्या पत्रातली अॅलर्जी नव्हे. यात आयजीई नसते, गांधी उठत नाहीत, श्वास अडत नाही. तुम्ही खाल्लेल्या दुधातल्या प्रथिनांचे थोडे अंश तुमच्या दुधात उतरतात आणि बाळाच्या मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग हुळहुळतो. दिसायला भयंकर, पण बाळ ठणठणीत. याला रक्ताची कुठलीही चाचणी नाही. आणि अशा आतड्याच्या अॅलर्जीत सोयाने त्रास होणाऱ्यांचं प्रमाण वरच्यापेक्षाही जास्त असतं, म्हणजे अंगावरचं दूध तोडून सोया देणं हा दुहेरी तोटा.

आधी एकदा बालरोगतज्ज्ञांनी बाळ हाताने तपासलेलं हवं, कारण गुदद्वाराला चीर पडली असली तरी रक्त दिसतं, आणि संसर्ग असला तरी. बाळ सुस्त झालं, ताप आला, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, मधूनमधून कळवळून रडून पांढरं पडत असेल किंवा शी जेलीसारखी लाल झाली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता मडगावला इस्पितळात न्या.

तसं काही नसेल तर दूध सोडायचं तुम्ही, बाळाने नाही. दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, लोणी, पनीर, चीज, खवा पूर्ण बंद. तुपात प्रथिनांचे अंश राहू शकतात, म्हणून तेवढे दिवस तेही नको. डिंकाचे लाडू आईने तुपात वळले असतील तर ते बाकीच्यांनी खावेत. रक्त बहुतेक वेळा पहिल्या तीन-चार दिवसांतच कमी व्हायला लागतं, कधी दोन आठवडे लागतात.

दिल्ली-पंजाबच्या बाईला हे पथ्य म्हणजे शिक्षा. गोव्याच्या बाळंतिणीला त्यामानाने काहीच नाही. आपलं अर्धं स्वयंपाकघर नारळावर चालतं. उकड्या तांदळाची पेज, हुमण, तोंडाक, खतखतें, सोलकढी, गोडाला मणगणें, पातोळ्यो, अळिवाची नारळाच्या रसातली खीर, यात दुधाचा थेंब नाही. दोदोल चालेल, बिबिंक नाही, त्याला थरागणिक तूप लावतात. पोदेराकडच्या, म्हणजे पाववाल्याकडच्या, उंड्यात आणि पोळीत परंपरेने दूध नसतं, तरी सकाळी तो आला की एकदा विचारून घ्या. स्लाइस ब्रेडचं मात्र वेष्टन वाचायचं. बिस्किटं, चॉकलेट, सूपची पाकिटं, यांवर 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'केसीन' शोधा. दूध असेल तर तसं वेगळं नमूद करणं उत्पादकाला बंधनकारक आहे. चहा कोरा प्या. पहिले तीन दिवस डोकं दुखेल असं वाटतं, मग सवय होते.

कॅल्शियम कमी पडू देऊ नका. रोज हजार मिलिग्रॅमच्या हिशोबाने गोळ्या, सोबत ड जीवनसत्त्व, डॉक्टरांकडून लिहून घ्या. नाचणी, तीळ आणि काट्यासकट चावून खाल्ले जाणारे लहान तारले आहेतच. आणि हुमणाला आईने उगाच दोष दिला. मिरचीने शीमध्ये रक्त येत नाही. दुधासोबत मासे, अंडी, गहू, शेंगदाणे सगळंच एका दमात सोडणाऱ्या बायका मी बघते; महिन्याभरात त्या वाळतात आणि नेमकं कशाने बरं वाटलं ते कुणालाच सांगता येत नाही. एकच गोष्ट सोडा.

रक्त थांबल्यावर एक काम राहतं, ते बहुतेकजणी टाळतात. दोन-चार आठवड्यांनी तुम्ही पुन्हा दूध-दही सुरू करायचं आणि आठवडाभर बघायचं. रक्त परत आलं तर निदान पक्कं, मग बाळ नऊ महिने ते वर्षाचं होईपर्यंत पथ्य. परत आलं नाही तर ते आपोआप थांबणारंच होतं आणि तुमची सुटका झाली. ही परीक्षा न करता कित्येक आया वर्षभर कोरा चहा पीत राहतात. दूध सोडूनही रक्त थांबलं नाही तर पुढची संशयित वस्तू सोया, म्हणजे तुमच्या खाण्यातला सोया, पण ते डॉक्टरांशी बोलून.

प्रश्न : नातू दहा महिन्यांचा. आधी गाईच्या दुधाची पावडर मजेत पीत होता. चतुर्थीच्या सुमारास जुलाब झाले तेव्हा लॅक्टोज नसलेला सोयाचा डबा दिला होता. त्याला आता तीन महिने झाले. सून म्हणते, त्याला दुधाची अॅलर्जी आहे, डबा बंद करायचा नाही. महिन्याचा खर्च मोठा आहे. — एक आजोबा, पेडणे

उत्तर : आजोबा, तुमच्या पत्रात जुलाबांआधी तो गाईच्या दुधाची पावडर मजेत पीत होता असं आहे. गांधी नाहीत, ओकाऱ्या नाहीत. मग ही अॅलर्जी नव्हे. जोराच्या जुलाबात आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज तात्पुरतं कमी होतं. दोन ते चार आठवड्यांत ते भरून येतं. बहुतेक जुलाबांत तर डबा बदलावाही लागत नाही. ओआरएस, चौदा दिवस झिंक आणि नेहमीचं खाणं पुरतं. सोयाने नुकसान काही झालेलं नाही, फक्त तुमच्या पेन्शनचं झालं. नेहमीच्या डॉक्टरांना विचारून आधीच्या दुधावर परत या. सुनेला हे पान वाचायला द्या, तुम्ही स्वतः वाचून दाखवू नका.

प्रश्न : आम्ही दोघांनी प्राणिजन्य पदार्थ सोडले आहेत. आठ महिन्यांच्या मुलीला अंगावरचं दूध कमी पडतं. सोयाबीन भिजवून घरी केलेलं दूध, किंवा सुपरमार्केटमधलं खोक्यातलं सोया मिल्क, बदाम दूध दिलं तर चालेल ना? डब्यातल्या पावडरीत रसायनं असतात. — मडगाव

उत्तर : नाही चालणार. सोया मिल्क आणि बाळासाठीची सोया पावडर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. खोक्यातलं सोया मिल्क तुमच्या कॉफीसाठी केलेलं असतं. त्यात बाळाला लागणारी चरबी, लोह, जीवनसत्त्वं त्या प्रमाणात नसतात. बदामाच्या दुधात तर बदाम नावालाच. घरच्या सोया दुधात कच्चं राहिलं तर प्रथिनं पचू न देणारी द्रव्यंही शिल्लक राहतात. नारळाचा रस भाजीत, खिरीत घाला, बाटलीत भरू नका.

'रसायनं' म्हणून तुम्ही ज्याला घाबरता ती बहुतांशी जीवनसत्त्वं आहेत. ती नसली तर काय होतं ते २००३ मध्ये इस्रायलमध्ये दिसलं. तिथल्या एका सोयाच्या डब्यात बी-१ जीवनसत्त्व पडायचं राहून गेलं. फक्त त्या डब्यावर असलेली काही बाळं दगावली, काहींना कायमचं अपंगत्व आलं. एवढ्या मोठ्या कारखान्यात एका जीवनसत्त्वाची चूक एवढी महाग पडली, तर मिक्सरमध्ये सगळीच्या सगळी वगळून कसं चालेल?

तुमच्या घराला मात्र बाळाचा सोया डबा अगदी योग्य आहे. अॅलर्जी नाही, सहा महिने उलटलेत, आणि प्राणिजन्य नको हे कारण अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांनीही मान्य केलेलं आहे. ड जीवनसत्त्व बहुतेकदा मेंढीच्या लोकरीतून काढतात, तेवढं तुम्हाला चालतं का ते तुम्ही ठरवा, मी देणार. तुम्ही स्वतः बी-१२ घेता का, ते पत्रात लिहिलं नाहीत. घेत नसाल तर तुमची आणि मुलीची दोघींचीही बी-१२ पातळी या आठवड्यात तपासा. मला डब्यापेक्षा ती काळजी जास्त आहे.

प्रश्न : मुलगा चौदा महिन्यांचा, दुधाची जोरदार अॅलर्जी, सध्या सोयाच्या डब्यावर छान आहे. पुढच्या महिन्यात कुळदेवाच्या जत्रेला फोंडा महालात येणार आहोत. अभिषेकाचं पंचामृत थेंबभर दिलं तर? घरच्यांना नाही म्हणणं कठीण आहे. — सावंतवाडीहून, मूळ गोव्याचे

उत्तर : पंचामृतात दूध, दही, तूप तिन्ही आहेत. थेंबभरही नको, ओठाला बोट लावणंही नको. भटजींना आधी सांगून ठेवा, नुसतं तुळशीचं तीर्थ ते आनंदाने देतात. मी स्वतः कितीतरी मुलांसाठी निरोप धाडलेत, आजवर कुणी हट्ट केलेला नाही. हट्ट करतात ते काका-मामा. पेढा खाल्लेल्या हाताने त्याला उचलतात, गालाचा मुका घेतात आणि गालावर गांध उठली की डास चावला म्हणतात. त्याच्या सदऱ्यावर मोठ्या अक्षरात 'मला दूध चालत नाही' असं लिहिलेला बिल्ला लावा. हसतील, हसू द्या.

सोयाचा डबा, उकळलेलं पाणी थर्मासमध्ये आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं स्वतःच्या पिशवीत ठेवा, गाडीत नको. जत्रेच्या दिवशी गाडी कुठे लावावी लागेल सांगता येत नाही. त्याला यापूर्वी श्वासाचा त्रास झाला असेल तर अॅड्रिनलिन जवळ बाळगण्याबद्दल निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला आणि ते मांडीला कसं द्यायचं हे घरातल्या दोघांना तरी शिकवून घ्या. रथ ओढायला तुम्ही गेलात तर दुसरा कुणीतरी जाणता बाळापाशी हवा.

पुढच्या अंकासाठी लिहिताना बाळाचं वय, जन्माचं आणि आत्ताचं वजन, काय प्यायल्यावर किती वेळाने काय झालं, हे क्रमाने लिहा. जमल्यास गांधींचा फोटो पाठवा. शीचा फोटो पाठवलात तरी माझी हरकत नाही, संपादकांची आहे.